आधी ट्रेलर, मग ट्रक : जड ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला पिकअप निवडताना

आमचा पहिला पिकअप आम्ही चुकीचा घेतला, आणि तो चुकीचा आहे हे टेक्ससमध्ये यूएस २८७ वर, चिल्ड्रेसच्या पुढे कळलं. डॅलसहून कोलोरॅडोला निघालो होतो. मागे तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. आत मी, बायको, दोन मुलं आणि उन्हाळ्यासाठी पुण्याहून आलेली आई. डाव्या अंगाने वारा भणभणत होता. एक अठरा चाकी गाडी शेजारून पुढे निघाली, तिच्या हवेच्या धक्क्याने ट्रेलरची शेपूट आधी बाहेर फेकली गेली, मग आत ओढली गेली, आणि दोन-तीन सेकंद ट्रक कोण चालवतंय तेच कळेना. स्टिअरिंग हाताला पोकळ लागत होतं. मागून आई एवढंच म्हणाली, “अरे, जरा हळू घे.” पुढच्या पेट्रोल पंपावर उतरून लांबून गाडीकडे पाहिलं तर ट्रक मागे बसलेला आणि तोंड आभाळाकडे.

घेताना सेल्समनने छातीठोकपणे सांगितलं होतं, “अकरा हजार पाउंड ओढतो, तुमचा ट्रेलर तर आठ हजारांचा!” तो खोटं बोलत नव्हता. प्रश्न आम्हीच चुकीचा विचारला होता.

इथे अमेरिकेत मराठी घरांमधून आता बरेच जण ट्रेलर घेतायत. हॉटेलचं बिल वाचतं, आमटी-भात आपल्या हातचा मिळतो, आणि आई-वडिलांना स्वच्छ बाथरूम सतत हाताशी राहतं, हे तिसरं कारण सगळ्यांत खरं. पण बहुतेकांचा क्रम असा : आधी ट्रक, कारण तो रोज चालवायचा, मग “आपल्या ट्रकला झेपेल असा” ट्रेलर. हलक्या ट्रेलरला हे चालून जातं. भरल्यावर साडेसात-आठ हजार पाउंडांच्या वर जाणाऱ्या ट्रेलरसाठी क्रम उलटा करावा लागतो. खाली जे लिहिलंय ते त्या उलट्या क्रमाने आहे.

ओढणं आणि पेलणं

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका टोयोटा टंड्राने एंडेव्हर हे अंतराळयान ४०५ फ्रीवेवरच्या पुलावरून ओढून नेलं. यान आणि त्याखालची चाकांची गाडी मिळून वजन तीन लाख पाउंडांच्या जवळपास. सपाट रस्ता, पायी चालण्याचा वेग, आणि यानाचं सगळं वजन खालच्या गाडीच्या चाकांवर. ओढणं इतकं सोपं असतं. चाकं फिरत असली की थोड्या ताकदीतही खूप काही हलतं.

ट्रॅव्हल ट्रेलर मात्र आपलं काही वजन ट्रकच्या पाठीवर टाकतो. ते वजन, त्यात आतली माणसं, त्यात मागच्या पेटीतलं सामान, हे सगळं ट्रकचे टायर, स्प्रिंग आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) पेलतात. या पेलण्याच्या क्षमतेला पेलोड म्हणतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते टो रेटिंग, म्हणजे ओढण्याचा आकडा. आमच्यासारख्या घरांत पेलोड आधी संपतो. टो रेटिंग बहुधा कोपऱ्यात शिल्लक पडून असतं.

टो रेटिंग बनावट असतं असं मात्र नाही. ते मोजायचं एसएई जे२८०७ नावाचं एक प्रमाण आहे. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून घेतलं, फोर्ड, जीएम आणि रॅम त्यांच्या हाफ टन (मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यांत हलक्या वर्गातल्या) गाड्यांपुरते २०१५ च्या सुमारास आले. त्यात अ‍ॅरिझोनातल्या बुलहेड सिटीजवळचा डेव्हिस डॅमचा चढ आहे. साधारण साडेअकरा मैल, शंभर डिग्री फॅरनहाइटची गरमी, एसी पूर्ण जोरात, आणि वेग ताशी चाळीस मैलांखाली गेलेला चालत नाही. चाचणी कडक आहे. पण त्या गाडीत दीडशे पाउंडांची दोनच माणसं धरतात, आणि ट्रेलरचा भार ट्रकवर दहा टक्केच. आपल्या गाडीत पाच-सहा माणसं, कूलर, दोन सायकली, आणि “असू दे, लागेल” म्हणून घेतलेलं निम्मं घर असतं.

पहिली पायरी : ट्रेलरचं खरं वजन

ट्रेलरच्या माहितीपत्रकात ‘ड्राय वेट’ छापतात. हा आकडा वाचून विसरून जावा. त्यात पाणी नसतं, तुमचं सामान नसतं, बॅटरी बहुधा नसते. पाण्याचं वजन एका गॅलनला ८.३४ पाउंड, चाळीस गॅलनची टाकी भरली की तीनशे तीस पाउंड तिथेच वाढले. वीस पाउंडवाला प्रोपेनचा सिलिंडर भरल्यावर सदतीसच्या आसपास जातो, आणि असे दोन अगदी पुढे, दांड्यावरच बसवलेले असतात.

आणि आपलं स्वयंपाकघर. वीस पाउंडांची तांदळाची पिशवी, तेवढाच आटा, दोन कुकर, बिडाचा तवा, पोळपाट, मिक्सर. आमच्या पहिल्या सहलीनंतर ट्रेलरमधून काढलेलं सामान मी बाथरूमच्या काट्यावर एकेक करून मोजलं, तर एकट्या स्वयंपाकघराचं एकशे ऐंशी पाउंड भरलं. त्यात खलबत्ता होता. तो कोणी ठेवला हे अजून कोणी कबूल केलेलं नाही.

म्हणून ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर धरा, म्हणजे तो ट्रेलर भरून जास्तीत जास्त किती जड व्हायला कंपनीची परवानगी आहे तो आकडा. ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर तो छापलेला असतो. दोन मुलांसाठी बंक असलेल्या अठ्ठावीस-तीस फुटी ट्रेलरचा हा आकडा साधारण साडेसात ते दहा हजार पाउंडांत येतो. आमचा ८,६०० आहे. भरून प्रत्यक्षात आठ हजारांच्या जरासा वर जातो. हिशेब करताना थोडं जास्तच धरलेलं बरं.

दुसरी पायरी : जुवावरचं ओझं

ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जो भार ट्रकच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, येतो त्याला टंग वेट म्हणतात. तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असायला हवा. मी हिशेबाला तेरा टक्के धरतो.

बैलगाडी भरताना ज्यांनी पाहिलीय त्यांना याचं गणित शिकवायची गरज नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि गाडी बैलांच्या हातात राहत नाही. ओझं फार पुढे आलं की जू मानेवर बसतं आणि बैल चालत नाहीत. इथेही तेच. टंग वेट दहा टक्क्यांखाली गेलं की वाऱ्यात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि ही हलणी एकदा वाढायला लागली की ब्रेक दाबून थांबत नाही, उलट चिघळते. त्यामुळे ट्रक कमी पडतोय म्हणून पुढचं सामान ट्रेलरच्या मागच्या कपाटात सरकवणं हा उपाय नव्हे. ते आपल्या हाताने उलाळ करणं झालं.

आठ हजार पाउंडांचे तेरा टक्के, १,०४०. एवढा भार ट्रकच्या मागच्या टोकाला टांगलेला.

तिसरी पायरी : दारातला पिवळा स्टिकर

ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. खांबावर पिवळ्या पट्टीचा एक स्टिकर असतो, टायरच्या हवेचे आकडे असलेला. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पाउंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हाच त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. ‘त्या विशिष्ट’ हे महत्त्वाचं, कारण एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे दोन ट्रक शेजारी उभे असले तरी त्यांच्या स्टिकरवर तीनशे-चारशे पाउंडांचा फरक सहज निघतो. काचेचं मोठं छत, आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या, थंड-गरम होणाऱ्या सीटा, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह, यातली प्रत्येक चैन पेलोडमधून कापली जाते. ट्रिम, म्हणजे सुखसोयींची श्रेणी, जितकी महाग तितका ट्रक दुबळा, असा हा विचित्र बाजार आहे.

आता बेरीज. आमच्या पहिल्या, काचेच्या छताच्या ट्रकवर आकडा होता १,४२०. त्यातून वजा करत गेलो :

टंग वेट १,०४०.
मागे टेकलेलं वजन पुढच्या चाकांकडेही वाटून देणारा हिच, स्वतःच शंभर.
पाच माणसं मिळून सहाशे.
मागच्या पेटीत जनरेटर, कूलर, हत्यारं, सायकली, लाकडं : दोनशे.

एकूण १,९४०. म्हणजे पाचशे वीस पाउंड जास्त. टो रेटिंगच्या हिशेबाने मात्र आम्ही तीन हजार पाउंड आत होतो, आणि तो सेल्समनही.

ही बेरीज सगळ्यांनी आपापल्या घरच्या आकड्यांनी करावी, आणि ती ट्रक बघायला जायच्या आधी. मुलं वाढतात हेही धरा. आज साठ पाउंडांचा असलेला मुलगा हा ट्रक विकायच्या आत दीडशेचा होईल.

स्टिकरवरचा आकडा शेवटच्या पाउंडापर्यंत वापरायचा नसतो, असं माझं मत. दहा-पंधरा टक्के हातात राहू द्या.

आणखी दोन मर्यादा तपासायच्या. एक, मागच्या अ‍ॅक्सलची. ती पिवळ्या स्टिकरशेजारच्या पांढऱ्या स्टिकरवर असते. दुसरी, ट्रकखाली वाकून पाहायची : हिच ज्यात घुसतो त्या चौकोनी नळीवर, म्हणजे रिसीव्हरवर, स्वतःचा स्टिकर असतो. त्यावर दोन ओळी असतात, नुसता बॉल (ट्रेलर अडकवायचा गोळा) लावून किती आणि वजन वाटणारा हिच लावून किती. बऱ्याच हाफ टन ट्रकांवर नुसत्या बॉलची मर्यादा ५,००० पाउंड आणि ५०० टंग एवढीच निघते. मागे बारा हजारांची जाहिरात लावलेली असली तरी.

हाफ टन, थ्री-क्वार्टर टन, वन टन

ही नावं जुन्या काळची आहेत, आजच्या क्षमतेशी त्यांचा संबंध नाही. पण दुकानात तीच चालतात. एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टंड्रा हे हाफ टन. एफ-२५० किंवा २५०० म्हणजे थ्री-क्वार्टर. एफ-३५० किंवा ३५०० म्हणजे वन टन.

हाफ टनचा पेलोड ढोबळमानाने १,३०० ते १,९०० मध्ये सापडतो. खास जास्त पेलोडची मांडणी घेतली तर वर जातो, पण असे ट्रक डीलरच्या लॉटवर क्वचित उभे असतात. दोघंच नवरा-बायको असतील आणि ट्रेलर भरून सात हजारांच्या आत असेल तर साधी ट्रिम असलेला हाफ टन छान चालतो. रोज चालवायला मऊ, गॅरेजमध्ये मावतो. चार-पाच माणसं आणि आठ हजारांच्या वरचा ट्रेलर असेल तर थ्री-क्वार्टर टन बघा, उगाच हाफ टनमध्ये पळवाटा शोधत बसू नका. मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या भरल्या की काम होतं असं बरेच जण सांगतील. पिशव्यांनी ट्रक सरळ दिसतो. स्टिकरवरचा आकडा तोच राहतो, अ‍ॅक्सल आणि टायर तेच राहतात.

वन टन आणि थ्री-क्वार्टर यांत किमतीचा फरक पुष्कळदा एक-दीड हजार डॉलरचाच असतो आणि पेलोड मात्र बराच वाढतो. नोंदणीचा खर्च मात्र विचारून घ्या. बरेच थ्री-क्वार्टर ट्रक कागदावर मुद्दाम १०,००० पाउंड जीव्हीडब्ल्यूआरवर थांबवलेले असतात, कारण त्यापुढे वर्ग बदलतो आणि काही राज्यांत फी आणि नियमही. मागे चार चाकं असलेली ड्यूअली ट्रॅव्हल ट्रेलरला लागत नाही. कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये तिचे हाल कुत्रा खात नाही.

पेट्रोल की डिझेल

इथे लोक तासन्‌तास भांडतात. माझा कौल पेट्रोलला आहे, पण कारणं दोन्हीकडची सांगतो.

डिझेलचं खरं सुख उतारावर. चढ तर कोणीही चढेल, हळू का होईना. पण सात टक्क्यांचा उतार मैलोन्‌मैल चालू असताना मागून आठ हजार पाउंड ढकलत असतील तर इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा एक्झॉस्ट ब्रेक ही देवाची देणगी वाटते. पाय पेडलला न लावता वेग जागच्या जागी राहतो. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. त्याच्या सिल्व्हरथॉर्न गावाकडच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्प उगाच केलेले नाहीत.

दुसरा फायदा उंचीचा. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारं यंत्र) नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे तीन टक्क्यांच्या आसपास ताकद गमावतं. त्या बोगद्यापर्यंत जवळजवळ एक तृतीयांश गेली. टर्बो असलेली इंजिनं हे नुकसान बरंचसं भरून काढतात, मग ते डिझेल असो वा फोर्डचं ३.५ लिटर इकोबूस्ट.

आता दुसरी बाजू. हेवी ड्यूटी ट्रकवर डिझेलसाठी साधारण दहा हजार डॉलर वेगळे मोजावे लागतात. इंजिन काही शे पाउंडांनी जड असतं आणि तेही पेलोडमधूनच जातं. म्हणून थ्री-क्वार्टर डिझेलचा पेलोड कधी कधी आपल्याला न पुरणारा निघतो. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ऑइल बदलताना दहा ते तेरा क्वार्ट, फ्युएल फिल्टर, धूर स्वच्छ करायला लागणारं डीईएफ नावाचं पाणी. आणि ऑफिस आठ मैलांवर असेल तर रोजच्या छोट्या फेऱ्यांत धुराचा फिल्टर साफ व्हायला इंजिन पुरेसं तापतच नाही. मग तो तुंबतो आणि मोठं बिल देतो. आपल्यातले बहुसंख्य लोक वर्षातून चार-पाच वेळा ट्रेलर जोडतात आणि उरलेले दिवस लॅपटॉपची बॅग घेऊन ऑफिसला जातात. त्यांना फोर्डचं ७.३, जीएमचं ६.६ किंवा रॅमचं ६.४ लिटर पेट्रोल व्ही-८ पुरतं. चढावर ते ओरडतं. ओरडू द्या, ते त्यासाठीच बांधलंय. दर उन्हाळ्यात रॉकीजमध्ये महिना काढणार असाल तर डिझेल घ्या, पण मग वन टनमध्ये घ्या.

मायलेजबद्दल आशा ठेवू नका. साडेआठ फूट रुंद, अकरा फूट उंच भिंत हवेतून ढकलायची असते. पेट्रोलवर आठ-नऊ मैल प्रति गॅलन मिळाले की आम्ही खूश असतो. विजेवरच्या पिकअपला ताकदीची कमी नाही, पण ट्रेलर जोडला की पल्ला निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो, आणि बऱ्याच चार्जरवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लागतच नाही. टेक्ससमधल्या अमारिलोच्या वाऱ्यात हे नको.

ट्रक बघताना

फोटो काढत फिरा. प्रत्येक ट्रकचं दार उघडून दोन्ही स्टिकरांचा फोटो. ऑनलाइन बघत असाल तर डीलरला निरोप पाठवा : फक्त दारातल्या पिवळ्या स्टिकरचा फोटो पाठवा. “वेबसाइटवर आहे ना” असं उत्तर आलं तर पुढचा डीलर. माझ्या अनुभवात पाचांतले दोन पाठवतात, आणि ते दोघं बाकीच्या बाबतीतही बरे निघतात.

टोइंग पॅकेज आहे का हे बॉलकडे बघून ठरवू नका. बॉल कोणीही लावतं. सात पिनांचं सॉकेट, डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेक कंट्रोलर, ट्रान्समिशनचं तेल थंड करणारा कूलर आणि लांब ओढता येणारे आरसे, हे हवं. जड ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि ते या कंट्रोलरवरून चालतात. बहुतेक राज्यांत तीन हजार पाउंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक कायद्याने लागतातच.

अ‍ॅक्सल रेशो बघा, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा. ३.२१ सारखा आकडा मायलेजसाठी असतो, ३.७३ किंवा ४.१० ओढण्यासाठी. दहा गिअरच्या नव्या ट्रकांत याचं महत्त्व थोडं कमी झालंय, पण टो रेटिंग अजूनही यावर हजारो पाउंडांनी बदलतं. सेकंडहँड घेताना हा आकडा विसरला जातो आणि नंतर बदलायला जबर खर्च येतो.

व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, लांब असलेला बरा. लांब ट्रेलरला लांब ट्रक धरून ठेवतो. टायर एलटी (लाइट ट्रक) जातीचे असावेत. हाफ टनवर बऱ्याचदा कारसारखे मऊ टायर येतात आणि त्यांच्या भिंती वाकत राहिल्याने मागून गाडी डुलते. आमची डुलण्याची निम्मी तक्रार टायरचीच होती असं नंतर एका मेकॅनिकने सांगितलं.

सीटांचा हिशेब आई-वडील येणाऱ्या घरांनी नीट करावा. दुसरा ट्रक घेताना पुढच्या वर्षी बाबाही येणार होते, म्हणजे सहा माणसं. पुढे दोन स्वतंत्र सीटा आणि मध्ये कन्सोल असेल तर पाचच बसतात. पुढे तिघांची सलग सीट बहुधा साध्या ट्रिममध्ये मिळते, आणि साध्या ट्रिमचा पेलोडही जास्त. आम्हाला ही एक गोष्ट आयती जुळून आली. “कोणीतरी ट्रेलरमध्ये बसेल” हा विचार डोक्यातून काढून टाका. बऱ्याच राज्यांत ते बेकायदा आहे, आणि जिथे नाही तिथेही पट्ट्याशिवाय, सोफ्यावर आईला बसवणार का?

घरी जाऊन टेपने गॅरेज मोजा. क्रू कॅबचा (मोठ्या चार दारांचा) एफ-२५०, पावणेसात फुटी पेटीचा, साधारण वीस फूट दहा इंच लांब आहे. बऱ्याच सोसायट्यांतली गॅरेजं वीस फुटांची असतात. एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचे, नियम वाचा, ट्रेलर दारात दोन रात्रींच्या वर उभा केला की पत्र येतं. भाड्याच्या जागेचा महिन्याचा खर्च ट्रकच्या हप्त्यात मिळवूनच बजेट ठरवा.

वजन वाटून देणारा हिच, शक्यतो डोलणं रोखणारा, ट्रकच्या किमतीत धरा. तो लावला की पुढच्या चाकांवरून उठलेलं वजन बरंचसं परत पुढे जातं. पण बसवणाऱ्याने घाईत बसवला तर तो नसल्यासारखाच. बसवताना शेजारी उभे राहा आणि पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजा : ट्रेलर न जोडता, नुसता जोडून, आणि हिचचे स्प्रिंगचे दांडे ताणून. तिसरा आकडा पहिल्याच्या जवळ आला पाहिजे. किती जवळ, ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि कंपनीगणिक वेगळं असतं.

शेवटी वजनकाटा

एवढं करून ट्रक घेतला की पहिल्या सहलीच्या सकाळी हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर जा. पायलट, लव्ह्ज, टीए अशा ठिकाणी कॅट स्केल या कंपनीचे वजनकाटे असतात. पहिल्या वजनाला साधारण पंधरा डॉलर, त्याच दिवशी पुन्हा केलंत तर खूप कमी. तीन फळ्या असतात : पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. बटण दाबलं की आतली बाई कंपनीचं नाव आणि ट्रकचा नंबर विचारते. पहिल्यांदा मी गडबडून माझ्या ऑफिसचं नाव सांगितलं होतं. “प्रायव्हेट” म्हणायचं असतं.

तीन वजनं करायची. दुसऱ्या ट्रकची आमची पावती अशी होती. सगळी माणसं आणि सामान भरलेला नुसता ट्रक : पुढे ४,२६०, मागे ३,५४०, एकूण ७,८००. मग ट्रेलर जोडून, दांडे सैल : पुढे ३,८८०, मागे ४,९६०, ट्रेलर ७,०४०. म्हणजे ट्रकवर एकूण ८,८४०. त्यातून ७,८०० वजा केले की टंग वेट १,०४०. ट्रेलरचं खरं वजन ७,०४० अधिक १,०४०, म्हणजे ८,०८०. टक्केवारी बाराच्या वर, तेराच्या आत. पुढच्या चाकांवरून ३८० पाउंड उठलेले दिसतात, चिल्ड्रेसला स्टिअरिंग पोकळ का झालं होतं ते असं कागदावर येतं. मग दांडे ताणून : पुढे ४,१३०, मागे ४,५७०, ट्रेलर ७,१८०. उठलेल्यातले अडीचशे परत आले. ट्रकवर एकूण ८,७००, ट्रकची मर्यादा (जीव्हीडब्ल्यूआर) १०,०००.

काट्यावर जाताना पाण्याची टाकी जशी प्रवासात ठेवणार तशीच ठेवा. टाकी चाकांच्या पुढे असेल तर ती भरल्यावर टंग वेट वाढतं, मागे असेल तर घटतं. आमची मागे आहे. म्हणून आम्ही घरून पाच-सात गॅलनच घेऊन निघतो आणि कॅम्पग्राउंडच्या नळावर भरतो. जिथे नळ नाही तिथे जायचं असेल तर शेवटच्या गावात भरतो आणि तिथून पुढे पन्नासच्या वर वेग नेत नाही.